मालिका न पाहता तिचं संगीत ऐकणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरात गेली कित्येक वर्षं एक सीडी वाजते. कधी स्वयंपाकघरात, कधी गाडीत, एकदा तर धाकट्या भावाच्या साखरपुड्यात जेवणावळ उठेपर्यंत. मावसभाऊ पुण्यात जपानी शिकला, तिकडे नोकरीला गेला आणि पहिल्या सुट्टीत येताना माझ्यासाठी ती घेऊन आला. सीडीचं नाव ‘काउबॉय बीबॉप’. ते एका जपानी अ‍ॅनिमे, म्हणजे कार्टून मालिकेचं संगीत आहे हे मला माहीत होतं. मालिका मात्र मी पाहिली नव्हती आणि पुढची पाच-सहा वर्षंही पाहिली नाही. सीडी ऐकून लोक जे विचारतात त्याची उत्तरं देऊन देऊन तोंड दुखलं, म्हणून एकदाची लिहून ठेवतो.

मालिका पाहिलीच नाही, मग तिचं संगीत कळणार कसं?

‘संगीत मानापमान’ रंगभूमीवर आलं १९११ साली. त्यातलं ‘युवती मना’ ज्यांना तोंडपाठ आहे, त्यांच्यापैकी कितीजणांनी ते नाटक पाहिलंय? माझ्या आजोबांनी पाहिलं नव्हतं. त्यांचं सगळं नाट्यसंगीत रेडिओवरचं. दाढी करताना ते पद गुणगुणायचे आणि एखादी तान अडली की वस्तरा हवेत तसाच धरून पुन्हा घ्यायचे. नाटकात ते पद कुठल्या प्रवेशात येतं, कोण कोणाला उद्देशून म्हणतं, असल्या प्रश्नांनी त्यांचं काही अडलं नाही. नाटक न पाहता नाटकातली पदं ऐकत आपल्याकडे तीन-चार पिढ्या मोठ्या झाल्या, त्यामुळे निदान मराठी माणसाने तरी हा प्रश्न विचारू नये. तरी सगळ्यात जास्त वेळा तोच विचारला जातो.

बरं, ही मालिका आहे तरी काय? गोष्ट न फोडता सांगा.

साल २०७१. माणसं सूर्यमालेत इकडेतिकडे पसरलेली. बीबॉप नावाच्या जुनाट यानात चार माणसं आणि एक कुत्रा राहतात. फरार गुन्हेगार पकडायचे आणि त्यांच्यावर लावलेलं इनाम मिळवायचं, हा त्यांचा धंदा. इनाम बहुतेक वेळा हातचं जातं, त्यामुळे फ्रीज कायम रिकामा. एकूण २६ भाग, दिग्दर्शक शिनइचिरो वातानाबे, संगीत योको कान्नो यांचं, निर्मिती सनराइज स्टुडिओची, साल १९९८. भागांना इथे ‘सेशन’ म्हणतात आणि बऱ्याच भागांच्या नावात संगीताचा काहीतरी संदर्भ असतो: कुणी ब्लूज, कुणी वॉल्ट्झ, कुणी बॅलड. सीडी ऐकायला एवढं पुरतं. खरं तर एवढ्याचीही गरज नाही.

आणि या योको कान्नो कोण?

संगीतकार. मूळच्या मियागी प्रांतातल्या सेन्दाईच्या. सुरुवातीला व्हिडिओ गेमना संगीत दिलं. ओदा नोबुनागा या सोळाव्या शतकातल्या सामुराई सरदारावरचा ‘नोबुनागाज अँबिशन’ हा लढायांचा खेळ त्यातला गाजलेला. पुढे जाहिराती, अ‍ॅनिमे, चित्रपट. मार्च २०११च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर मदतीसाठी एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने जे गीत केलं, त्याची चाल त्यांची. २०१९ साली नव्या सम्राटांच्या राज्यारोहणाच्या सोहळ्यात जी रचना सादर झाली तीही त्यांचीच. म्हणजे ज्या बाईंनी अवकाशातल्या भणंगांच्या पाठलागाला ट्रंपेट लावले, त्यांनाच देशाने राजवाड्यासमोरच्या समारंभासाठी बोलावलं. मला हे फार आवडतं.

वाजवणाऱ्या ताफ्याचं नाव ‘सीटबेल्ट्स’. हे लोक इतकं बेफाम वाजवतात की पडू नये म्हणून सीटबेल्ट बांधून बसतात, असा विनोद त्या नावामागे आहे. ‘टँक!’ ऐकल्यावर तो विनोद वाटत नाही.

पण असलं संगीत दृश्यासाठीच केलेलं असतं ना? दृश्य काढून घेतलं तर उरतं ते अर्धंच.

हा प्रश्न मात्र नीट उत्तर देण्यासारखा आहे, कारण यात एक गैरसमज आहे.

दृश्याखालच्या संगीताला जपानीत ‘गेकिबान’ म्हणतात. चित्रपटात संगीतकाराला बहुतेक वेळा तयार दृश्य मिळतं आणि तो सेकंद मोजून संगीत बसवतो. जपानी टीव्ही मालिकांची रीत वेगळी. दर आठवड्याला एक भाग जायचा म्हटल्यावर प्रत्येक भागासाठी नव्याने वाद्यवृंद बसवायला ना वेळ असतो ना पैसा. म्हणून आधीच एक यादी होते. तिला ते लोक ‘मेन्यू’ म्हणतात, हो, हॉटेलातल्यासारखंच. पाठलागाचे दोन, विरहाचा एक, विनोदी तीन, संशयाचा एक, अशा तुकड्यांची मागणी संगीतकाराकडे जाते. संगीतकार ते सगळे करून ध्वनिमुद्रित करून देतो, बहुतेकदा एकही चित्र तयार होण्याआधी. मग कोणता तुकडा कुठे वाजवायचा, कुठे कापायचा, कुठे मुळीच वाजवायचा नाही, हे ध्वनी दिग्दर्शक ठरवतो. एकच तुकडा चौथ्या भागात पावसावर आणि अकराव्या भागात भांडणावर येऊ शकतो.

म्हणजे जपानी मालिकेचा अल्बम हा मुळात कपाट भरून ठेवलेला माल आहे. दृश्याला चिकटून तो जन्मलेलाच नसतो.

‘बीबॉप’च्या बाबतीत तर गंमत याच्याही पुढची. कान्नोबाईंनी न मागितलेल्या रचनाही करून पाठवल्या आणि त्या ऐकून वातानाबेंना नवी दृश्यं सुचली. हे त्यांनी स्वतःच मुलाखतींत सांगितलं आहे. अशा ठिकाणी दृश्यच संगीतासाठी झालं. मग अर्धं कोणतं आणि पुरं कोणतं?

आणखी एक तपशील. पहिला अल्बम बाजारात आला २१ मे १९९८ला. मालिका टीव्ही टोकियोवर सुरू झाली होती एप्रिलमध्ये आणि तिथे जूनपर्यंत निम्म्याहून कमी भाग दाखवले गेले. सगळे २६ भाग दिसले ते पुढे वाउवाउ या सशुल्क वाहिनीवर, ऑक्टोबर १९९८ ते एप्रिल १९९९ या काळात. म्हणजे ज्या जपानी माणसाने मे महिन्यात दुकानात जाऊन ही सीडी घेतली, त्यानेही मालिकेचा बराचसा भाग न पाहताच ती ऐकली. तुम्ही उशिरा आलात असं समजू नका. तुम्ही पहिल्या गिऱ्हाइकांच्या रांगेतच उभे आहात.

सुरुवात कुठून करू?

पहिल्याच ट्रॅकपासून. ‘टँक!’ हे मालिकेचं शीर्षकसंगीत. टीव्हीवर ते दीड मिनिटात आटोपतं, अल्बमवर साडेतीन मिनिटं चालतं. सुरुवातीला पितळी वाद्यांचा एक फटका. मग सगळं शांत, फक्त खालून चालत आलेला डबल बास आणि त्याच्याशी चुळबुळ करणारे बोंगो. एक माणूस इंग्रजीत काहीतरी कानाशी कुजबुजल्यासारखं बोलतो, तीन-दोन-एक असे उलटे आकडे म्हणतो, आणि मग जे सुटतं ते सुटतं.

एकदा हेडफोन लावून फक्त बास ऐका. बाकी सगळे आरडाओरडा करत असतात तेव्हा खाली तो एकटा न थकता चालत असतो, वारीत दिंडीच्या कडेने चालणाऱ्या म्हाताऱ्यासारखा. दुसऱ्या वेळी फक्त सॅक्सोफोन ऐका. तो मासातो होन्दा यांचा. मध्यावर त्यांना मोकळं रान मिळतं, आणि टीव्हीवरच्या दीड मिनिटात जे मावत नाही ते इथे ऐकायला मिळतं. केवळ टीव्हीवर पाहिलेल्याने हे ऐकलेलंच नसतं, हे माझ्या मावसभावाला मी नेहमी चिडवून सांगतो.

‘टँक!’ झालं की लगेच बंद करू नका. लोक तेच करतात. दुसरं ‘रश’ संपू द्या आणि तिसरं ‘स्पोकी डोकी’ येऊ द्या. माउथ ऑर्गन आणि गिटार, बाकी जवळजवळ काही नाही. दोन मिनिटांपूर्वी चौकात बँड वाजत होता आणि आता दुपारी दोन वाजता एसटी स्टँडवर गाडीची वाट पाहत बसलोय, असं वाटतं. हा उतार ज्याला आवडला त्याला उरलेली सीडी आवडते, असा माझा अनुभव.

मला जॅझ कळत नाही.

मलाही कळत नव्हतं. शिवाय हे सगळं जॅझ नाहीच. सतरा ट्रॅकमध्ये बिग बँड आहे, ब्लूज आहे, ‘वॉल्ट्झ फॉर झिझी’त नुसती गिटार आहे आणि शेवटच्या ‘मेमरी’त लहान मुलांच्या चावीच्या डबीसारखा किणकिणाट आहे. जाणकार सांगतात की इथे अमुक अमेरिकन तालाची नक्कल आहे, तिथे तमुक. असेल. कान्नोबाई सगळ्यांच्या घरचं जेवून येतात आणि घरी येऊन स्वतःच्या हाताने रांधतात.

न आवडणारे ट्रॅकही आहेत. ‘बॅड डॉग नो बिस्किट्स’ माझ्या आईला अजिबात सहन होत नाही. “भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखं वाटतं रे,” म्हणते. बरोबर आहे तिचं. ते एका कुत्र्यामागच्या धावपळीचं संगीत आहे हे तिला कुणी सांगितलेलं नाही, तरी मांडणी कोसळलेली तिला ऐकू आलीच.

गाण्यांचे शब्द कुठल्या भाषेत आहेत? अर्थ न कळता ऐकायचं का?

या पहिल्या सीडीवर गाणी फारशी नाहीत. ‘रेन’ इंग्रजीत आहे, स्टीव्ह काँटे या अमेरिकन गायकाने म्हटलेलं. मालिकेत तेच गाणं माई यामाने यांच्या आवाजात येतं. मालिका पाहून मग सीडी घेतलेले लोक इथे हिरमुसतात, “हा कोण बुवा?” म्हणतात. आपल्याला ती अडचण नाही. आपल्याला काँटेच मूळचा वाटतो.

अर्थाची काळजी करणाऱ्यांसाठी पुढच्या अल्बममधली एक गोष्ट सांगतो. ‘ग्रीन बर्ड’सारख्या रचनांवर गायिकेचं नाव गाब्रिएला रॉबिन असं छापलेलं असतं. भाषा लॅटिनसारखी वाटते, कधी फ्रेंचसारखी. लोकांनी शब्दकोश घेऊन बसायचं बाकी ठेवलं होतं. ती भाषा अस्तित्वातच नाही. शब्द बनवलेले आहेत, आणि गाब्रिएला रॉबिनही नाही. ते कान्नो यांचंच टोपणनाव. ज्या शब्दांना अर्थ नाही त्यांचा अर्थ न कळल्याची खंत कशाला करायची?

काही तुकडे सुरू होताच संपतात. सीडी खराब आहे का?

नाही. मालिकेच्या मापाचे तुकडे आहेत ते. ‘कॉसमॉस’ आणि ‘मेमरी’ दीड-दोन मिनिटांतच आटोपतात. पहिल्या वेळी मीही सीडी काढून सदऱ्याला पुसली होती.

आधी ऐकलं आणि मग पाहिलं, तर काय होतं?

थोडं नुकसान होतं. खोटं कशाला बोला.

या सीडीवर ‘स्पेस लायन’ नावाची रचना आहे, सात मिनिटांहून थोडी मोठी. सुरुवातीला सॅक्सोफोन, एकटा, घाई नसलेला. बराच वेळ वाटतं की एवढंच आहे. मग खालून ढोल यायला लागतात आणि बऱ्याच माणसांचे आवाज, दूर कुठेतरी आगीभोवती बसून गात असल्यासारखे. पुढे सॅक्सोफोन कधी मागे पडला ते लक्षातही येत नाही.

ही रचना माझ्यासाठी वरंध घाट होती. महाडहून भोरकडे येणारी रात्रीची गाडी, पुढच्या काचेवर वायपर, कठड्याचे पांढरे दगड दिव्यात येतात आणि जातात, मागच्या सीटवर सगळे झोपलेले. एकदा खरोखरच त्या घाटात ही रचना लागली होती आणि तेव्हापासून ती तिथलीच झाली. ढोल सुरू व्हायचे ते नेमके वाघजाईच्या वळणावर. निदान माझ्या आठवणीत तरी.

मग मी मालिका पाहिली. बाराव्या-तेराव्या भागांत गुरूच्या कॅलिस्टो या चंद्रावरचं एक गारठलेलं शहर आहे, आणि तिथे एक सॅक्सोफोन वाजवणारा माणूस भेटतो. तेराव्या भागाच्या शेवटी हीच रचना लागते. पुढे सांगत नाही. दृश्य इतकं चांगलं आहे की त्याच्यापुढे माझा घाट टिकला नाही. आता ‘स्पेस लायन’ लावलं की बर्फच दिसतो. वरंध घाट बघायचा तर डोळे मिटून मुद्दाम आणावा लागतो, आणि मुद्दाम आणलेल्या घाटात ती मजा नाही.

उलट ‘वॉल्ट्झ फॉर झिझी’ला काहीही झालं नाही. ती आमच्या स्वयंपाकघरात होती, तिथेच राहिली. मेथी निवडायला पाच मिनिटं लागतात असं गृहीत धरून मी ती लावतो. मालिकेत ती कुठे येते हे पाहिल्याचं मला आठवतसुद्धा नाही.

मग मालिका पाहूच नको का?

पाहा. फार चांगली आहे. फक्त घाई करू नका. आधी सीडीवर तुमच्या दोन-चार जागा तयार होऊ द्या. एकदा पाहिलं की ‘न पाहिलेलं’ परत मिळत नाही, पाहायचं मात्र कधीही पाहता येतं. २०२१ साली नेटफ्लिक्सने खऱ्या नटांना घेऊन जी आवृत्ती काढली, तिलाही संगीत कान्नो यांचंच होतं. ती दहा भागांत आटोपली. तिच्यापासून सुरुवात करू नका एवढंच म्हणेन.

ट्रॅकच्या नावांवरून गोष्ट फुटते का?

इथे नाही. ‘डिगिंग माय पोटॅटो’ या नावावरून कुणाला काय कळणार? इतर काही मालिकांच्या अल्बमवर मात्र ‘अमक्याचा मृत्यू’ असं सरळ छापलेलं असतं. तिथे मागचं कव्हर वाचू नये.

पुढचे अल्बम कोणत्या क्रमाने ऐकू?

दुसरं छोटेखानी ‘व्हिटॅमिनलेस’, ऑगस्ट १९९८चं. शेवटच्या श्रेयनामावलीला वाजणारं ‘द रिअल फोक ब्लूज’ त्यात आहे. नाव इंग्रजी, गाणं जपानी, आवाज माई यामाने यांचा. पहिल्या सीडीत ते शोधत बसू नका, मी बसलो होतो. मग ‘नो डिस्क’. त्यात हेवी मेटलपासून ‘ग्रीन बर्ड’पर्यंत काहीही आहे, थोडं भेळीसारखं, आणि भेळीसारखंच सगळ्यांना सगळं आवडत नाही. शेवटी १९९९चा ‘ब्लू’. त्यातलं ‘ब्लू’ हे गाणं मालिकेच्या अगदी शेवटी येतं. मालिका पाहायचा विचार पक्का असेल तर हे एकच गाणं राखून ठेवा. माझ्या साऱ्या उपदेशात एवढा एकच अपवाद.

काम करताना लावता येतं का?

‘टँक!’ आणि ‘रश’ वगळून. त्या दोघांपुढे एक्सेल शीट टिकत नाही.

अ‍ॅनिमे नको वाटतं. दुसऱ्या जपानी मालिकांचं काही?

एनएचकेवर सकाळी पंधरा-पंधरा मिनिटांच्या भागांची रोजची मालिका असते. त्यातली २०१३ची ‘आमाचान’ घ्या. उत्तर जपानच्या किनाऱ्यावर समुद्रात बुडी मारून काटेरी सी-अर्चिन काढणाऱ्या बायका, आणि तिथे येऊन पडलेली टोकियोतली मुलगी. संगीत योशिहिदे ओतोमो यांचं. गिटारवर कर्कश आवाज काढणारे, प्रयोगशील मैफिलींत रमणारे म्हणून ते ओळखले जायचे. अशा माणसाला सकाळच्या कौटुंबिक मालिकेचं काम दिलं, आणि त्याने जे शीर्षकसंगीत केलं ते ऐकून पाय थांबत नाहीत. गायक नाही, शब्द नाहीत. आपल्याकडच्या वरातीच्या बँडने थोडा जास्त रियाझ केला तर जसं वाजेल तसं काहीसं. त्यांचं किशोरवय फुकुशिमात गेलं, आणि २०११चा भूकंप मालिकेच्या गोष्टीतही आहे. हे कळल्यावर तीच आनंदी चाल जरा वेगळी ऐकू येते. न कळता ऐकली तरी चालते.

भारदस्त हवं असेल तर एनएचकेच्याच वर्षभर चालणाऱ्या ऐतिहासिक मालिका आहेत, ‘तायगा’ म्हणतात त्यांना. शीर्षकसंगीत अडीच-तीन मिनिटांचं, एनएचके सिम्फनीने वाजवलेलं. दरवर्षी नवा संगीतकार. २०१७ची कान्नो यांच्या वाट्याला आली होती, ‘ओन्ना जोशु नाओतोरा’. सामुराईंचा इतिहास माहीत नसला तरी कुणीतरी घोडा घेऊन कुठेतरी निघालंय एवढं ऐकणाऱ्याला कळतं.

सीडीच घ्यायची का? मोबाईलवर मिळतं की.

मिळतं, तिथेच ऐका. जपानात नव्या सीडीला तेव्हा साधारण तीन हजार येन पडायचे, आणि मावसभावाने पहिल्या पगारातून ती घेतली होती, म्हणून माझा जीव सीडीवर. तुम्हाला तसं काही कारण नाही.

जपानी सीडीच्या कडेला कागदाची एक पट्टी असते. ती ठेवायची की फेकायची?

ठेवायची. तिला ‘ओबी’ म्हणतात, किमोनोवरच्या पट्ट्याचं नाव. जुन्या सीडी जमवणारे लोक ती पट्टी असेल तर जास्त पैसे मोजतात. माझ्या सीडीची ओबी पहिल्याच आठवड्यात हरवली, निदान मला तसं वाटत होतं. परवा मावशीकडे गेलो तेव्हा दिसली. तिच्या ज्ञानेश्वरीत, बाराव्या अध्यायात, खुणेला घातलेली. मागितली नाही.